सहाच्या पाळीचा रस्ता

“मॅडम, चार बायांची नोटीस लिहून पाठवा. आजच्या आज.”

विलासभाऊंचा फोन आला तेव्हा मी मूलला एका क्लायंटच्या दुकानात बसले होते. विलासभाऊंची सावली तालुक्यात राइस मिल आहे. लहानच. हमाल, बॉयलरवाला, मशीनवाला आणि बाया धरून वीस-बावीस माणसं. मी कामगार कायद्याची सल्लागार. ज्या मालकांकडे स्वतःचं एचआर नसतं त्यांची हजेरी, पीएफ, विमा, नोटिसा हे सगळं मी बघते. नावं मी इथे बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं सांगते.

“कशाची नोटीस?”

“गैरहजेरीची. आठवडा होत आला, येऊन नाई राह्यल्या. नाव काटतो म्हणून लिहा.”

“का येत नाहीत?”

“रस्त्यानं वाघ हाये म्हणतात.”

“आहे का?”

“हाये नं. पण वाघ त नेहमीच हाये, मॅडम. यंदाच काऊन भेव लागलं?”

मी म्हटलं, काही पाठवू नका, मी येते. दुकानदाराचं काम अर्धवट टाकून सावलीची बस धरली. बसमध्ये जागा होती, पण बसवेना. एकदा काढलेली चुकीची नोटीस परत घेणं किती कठीण असतं, हे मी बरंच पाहिलेलं आहे.

‘नाव काटलं’ हा शब्द आमच्याकडे मालक फार सहज वापरतात. रजिस्टरवर आडवी रेघ मारली की माणूस गेला, असं त्यांना वाटतं. कायद्यात ते तसं नाही. कोणी कामावर आलं नाही तर आधी विचारावं लागतं, का आला नाहीस. उत्तर द्यायला वेळ द्यावा लागतो. उत्तर पटलं नाही तर चौकशी, म्हणजे आमच्या भाषेत डोमेस्टिक इन्क्वायरी. तिथे त्या माणसाला आपली बाजू मांडता आली पाहिजे. मग निर्णय. हे सगळं न करता मारलेली रेघ कोर्टात टिकत नाही. पण ती टिकत नाही हे कोर्टात सिद्ध व्हायला वर्षं जातात, आणि तोवर माणूस घरी बसलेला असतो.

मिलच्या गेटवरच विलासभाऊ भेटले. पन्नाशीचा माणूस, सडपातळ, सतत उभा. मी त्यांना खुर्चीत बसलेलं फारसं पाहिलेलं नाही. मागे सिमेंटच्या पटांगणावर वाफवलेलं धान पसरलं होतं आणि दोन अनोळखी बाया पायांनी ते खालीवर करत होत्या.

“या कोण?”

“नवीन. सावलीच्याच हायेत. यायले-जायले काही भानगड नाई.”

शेजारी त्यांचा साळा नरेश उभा होता. मिलचा मुनीम तोच. पोरगा हुशार, पण घाई फार. म्हणाला, “मॅडम, अजून दोन सांगून ठेवल्या हायेत.”

चौघींच्या जागा भरत आल्या होत्या. नोटीस फक्त मागून यायची होती.

मी विचारलं, पाळी सहालाच का सुरू करता? विलासभाऊंनी पटांगणाकडे हात केला. त्यांच्याकडे उसना तांदूळ होतो. म्हणजे धान आधी भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. मोठ्या मिलांमध्ये वाळवायला ड्रायर असतो. यांच्याकडे ऊन. हिवाळ्यात दिवस लहान. पहिलं ऊन पडायच्या आत धान पसरून तयार पाहिजे, नाहीतर संध्याकाळी ते दमटच राहतं आणि भरडताना दाणा तुटतो. कारण खरं होतं. ते काही बायांना छळायला सहाला बोलवत नव्हते.

आणि गंमत म्हणजे कायदाही त्यांच्या बाजूने होता. कारखान्यात बाईला सकाळी सहाच्या आधी किंवा संध्याकाळी सातच्या नंतर कामाला लावायचं असेल तर बऱ्याच अटी आहेत. तिची संमती, ने-आण करायला गाडी, सुरक्षेची सोय. पण सहाला बोलावलं तर या अटी लागत नाहीत. कायद्याच्या लेखी सहा म्हणजे दिवस. डिसेंबरात आमच्या जंगलाच्या कडेला सहाला हाताचं बोट दिसत नाही, आणि सहाला पोहोचायचं तर पाचला निघावं लागतं. ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही.

“मग माझं चुकलं कुठी?” विलासभाऊंनी विचारलं.

“तुमचं अजून काही चुकलेलं नाही. चुकायच्या आधीच आलेय मी. बाया न येण्याला सबळ कारण आहे. त्यांना काढलं तर तुम्ही हराल. आणि उद्या कोणाला त्या रस्त्यावर काही झालं, तर धोका माहीत असून बोलावलं, हा प्रश्न तुम्हालाच विचारतील.”

“रस्ता माझा हाये का? मिलच्या गेटच्या आत काही झालं त मी. भायेर काऊन मी?”

“नेहमी नाही. पण कधीकधी गेटच्या बाहेरचा रस्ताही कामाचाच भाग धरतात. कामावर यायला दुसरी वाटच नसेल तर. पक्कं कोणी सांगू शकणार नाही. मीही नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. मग खुशीत म्हणाले, “असं करतो. आपला टेम्पो पाठवतो सकाळी. कोंडा टाकून परत येतेच तो. माघारी बायाले घेऊन येईन.”

“मालाच्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत, भाऊ. टेम्पो उलटला तर विम्याचा एक पैसा मिळणार नाही.”

विलासभाऊ भडकले. “तुमचा कायदा बाईले चालू बी देत नाई आन् गाडीत बी बसू देत नाई! मग आणू कशी? खांद्यावर?”

नरेश हसला. मला हसू आलं नाही. मी दोन रस्ते सांगितले. एक तर काळी-पिवळी लावा. म्हणजे ती परवान्याची प्रवासी जीप, जी आमच्याकडे गावोगाव चालते. नाहीतर या चौघींची पाळी उजेड झाल्यावर सुरू करा, आणि पहिलं धान गावातल्या माणसांकडून पसरवून घ्या.

“बघतो,” विलासभाऊ म्हणाले. बघतो म्हणजे नाही, हे मला कळतं.

दुपारी मी त्या बायांच्या गावी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. डांबरी रस्त्याने गेलं तर मोठा वळसा पडतो, आणि एसटी उजाडल्याशिवाय येत नाही. पायी जाणारे सगळे जंगलातल्या कच्च्या रस्त्याने जातात. मी भर दुपारी ऑटोने त्याच रस्त्याने गेले. दोन्ही बाजूंना बांबू आणि ऐनाची झाडं, मध्ये एक नाला, नाल्यावर कठडा नसलेला रपटा, म्हणजे ठेंगणा पूल. जंगल सुरू होतं तिथे वनखात्याची पाटी होती. अंधारात या रस्त्याने एकट्याने जाऊ नये. ऑटोवाल्याने तिथे गाडीचा वेग वाढवला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

चौघी यशोदाबाईंच्या ओसरीत बसल्या होत्या. यशोदाबाई त्यांच्यात थोरल्या. मिल सुरू झाली तेव्हापासूनच्या. मी मालकाकडून आले हे कळल्यावर चहासुद्धा विचारला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

“नोटीस आणली का, बाई?”

“नाही. विचारायला आले.”

“मग लिहून घ्या. आमी काम सोडलं नाई. आमी रस्ता सोडला. माह्या दिराची म्हैस त्याच नाल्यावर मारली. त्याच्या आधी पल्याडच्या गावचा माणूस नेला. आता त वाघ उजेडात बी दिसून राह्यला. उजेड झाल्यावर बोलवा, आमी चौघी जणी संगं येतो. नाई त गाडी पाठवा. दोन गोष्टी. तिसरी नाई.”

मी मालकाला जे सुचवलं होतं तेच त्या मागत होत्या. म्हणजे गोष्ट सुटण्यासारखी होती. मला जरा हुरूप आला.

एकीचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. रेखा. तिशीच्या आतली, नवरा तेलंगणात बांधकामावर, दोन मुली शाळेत. मिलमध्ये पोती शिवायची मशीन असते. तांदूळ भरला की पोत्याचं तोंड त्या मशीनने शिवतात. ते काम आजवर पुरुषच करायचे. रेखा दुपारच्या सुट्टीत शिकली होती, आणि महिन्याभरापासून विलासभाऊ तिला मशीनवर उभं करत होते. तिचा हात साफ होता म्हणे. ती मला एकच विचारत होती.

“बाई, नवीन बायाले मशीनवर घेतलं का?”

“नाही. त्या पटांगणावर आहेत.”

“पण घेतीन.”

“मी बोलते ना उद्या.”

तेवढ्यात तिच्या फोनवर मेसेज आला. तिने मोठ्याने वाचला. उद्या सकाळी सहाला हजर झाले नाही तर नाव कमी केले असे समजावे. खाली मिलचं नाव. मग यशोदाबाईंच्या सुनेच्या फोनवरही तोच आला.

 मी उठून अंगणात गेले आणि विलासभाऊंना फोन लावला.

“हा मेसेज कोणी पाठवला?”

“नरेशनं पाठवला असंन. मले इचारलं होतं त्यानं, मी हो म्हटलं. का झालं?”

“मी तुम्हाला काही पाठवू नका म्हटलं होतं.”

“नोटीस नाई पाठवली नं. मेसेज हाये.”

“भाऊ, मेसेज म्हणजे नोटीसच. आत्ताच्या आत्ता दुसरा मेसेज पाठवा. पहिला रद्द म्हणून.”

“सकाळी मिलवर या. बसून बोलू.” आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागला नाही.

मी बायांना सांगितलं, उद्या कोणीही जायचं नाही. अशा मेसेजने कोणाची नोकरी जात नाही, मी सकाळीच मिलवर जाऊन हे परत घ्यायला लावते. यशोदाबाईंनी मान हलवली. रेखानेही हलवली. ती फोन हातात धरून तो मेसेज पुन्हा पुन्हा वर-खाली करत होती.

त्या दिवशी मी चंद्रपूरला परत गेले नाही. सावलीला माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे थांबले. तिने वांग्याची भाजी नि भाकर केली होती. दोन घास खाऊन उठले. बहीण म्हणाली, काय लागलंय तुला, सारखी दारात जातेस. मला नीट सांगता आलं नाही. काही बिघडलं नव्हतं अजून. सकाळी बोलून मिटण्यासारखं होतं. तरी डोळा लागत नव्हता.

पहाटे फोन वाजला. यशोदाबाई.

“बाई, रेखा गेली. तिची पोरगी सांगून राह्यली, माय डबा घेऊन गेली म्हणून. मी फोन लावून राह्यली, लागून नाई राह्यला.”

“किती वेळ झाला?”

“पोरगी झोपेत होती वो, तिले काय ठाऊक?”

मी विलासभाऊंना लावला. या वेळी त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. मी एवढंच म्हटलं, रेखा एकटी निघाली आहे, जंगलातून.  ते म्हणाले, “तुमी कुठी हा?” मी बहिणीच्या घराचा पत्ता सांगितला. बाहेर येऊन उभी राहिले तोवर त्यांची गाडी आलीच. त्यांच्या अंगात स्वेटर उलटा होता.

 गाडीत ते म्हणाले, “आतापर्यंत त मिलवर पोचली असंन.” आणि मग मला मिलच्या वॉचमनला फोन लावायला लावला. वॉचमन म्हणाला, कोणी आलं नाही.

कच्च्या रस्त्याला लागलो आणि त्यांनी गाडी हळू केली. हेडलाइटमध्ये धुकं. काचा खाली करून आम्ही दोघं दोन बाजूंना बघत होतो. माझ्या मनात एकच चाललं होतं, काही पडलेलं दिसू नये. चप्पल, डबा, साडीचा तुकडा, काही म्हणजे काही दिसू नये. कुठेतरी वर माकडं खेकसत होती. सारखी, थांबून थांबून. जंगलाजवळ वाढलेल्या माणसाला तो वाघाच्या चाहुलीचा इशारा आहे हे सांगावं लागत नाही. विलासभाऊंनी ऐकला. त्यांचा हात हॉर्नवर गेला आणि त्यांनी तो दाबून धरला.

रपट्याच्या अलीकडे डबा दिसला. झाकण उघडलेलं, भात सांडलेला.

विलासभाऊ खाली उतरले. मी म्हटलं, उतरू नका. त्यांनी ऐकलं नाही. गाडी चालू, दिवे चालू, हातात मोबाइलचा टॉर्च. रपट्यावर उभं राहून त्यांनी हाक मारली, “रेखा! ओ रेखाबाई!” त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. फाटलेला.

खालून उत्तर आलं. “भाऊ…”

ती नाल्यात होती. दगडांमध्ये. बाजूच्या बांबूत काही हललं म्हणून ती पळाली, आणि अंधारात कठडा नसलेल्या रपट्यावरून खाली गेली. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. मीही उतरले. आम्ही दोघांनी तिला उचललं तेव्हा ती ओरडली नाही. दातात पदर धरला होता. गाडीत मागच्या सीटवर आडवी केल्यावर तिने पदर सोडला, आणि पहिलं वाक्य बोलली.

“भाऊ, मी येळेवर निगाली होती. नाव काटू नका.”

विलासभाऊंनी दार लावलं. गाडीला वळसा घालून आपल्या सीटवर बसायला त्यांना वेळ लागला.

गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला घेतलं. पायाची दोन्ही हाडं मोडली होती. ऑपरेशन करावं लागणार होतं. उजाडलं. यशोदाबाई आल्या, रेखाच्या मुली आल्या. वनखात्याचा गार्ड आला. तो रस्त्यावरून जाऊनच आला होता. म्हणाला, वाळूत ठसे आहेत, ताजे. पण जनावराने हात लावलेला नाही ना, मग आमच्याकडून भरपाई बसत नाही. तो वाईट माणूस नव्हता. नियमच तसा. जनावराने जखमी केलं तर वनखातं. भीतीने पळून पडलं तर कोणीच नाही.

मग पोलीस जमादार आले. अपघाताचा पेशंट आला की दवाखाना पोलिसांना कळवतो. जमादारांनी कागद काढला आणि विलासभाऊंना विचारलं, “ही तुमची कोण?”

नरेश येऊन उभा होता. तो पटकन मध्ये पडला. “साहेब, दोन मिनिटं.” आणि विलासभाऊंना कोपऱ्यात घेऊन गेला. मलाही बोलावलं.

“भाऊजी, इचार करून बोला,” नरेश हळू आवाजात म्हणाला. “मेसेज हाये आपल्याजवळ. सहाले हजर नाई झाली त नाव कमी. सहाले ते हजर नव्हती. मंग ते आपली कामगार नाई. गेटच्या भायेर, जंगलात पडली. आपला काई संबंध नाई. मदत करा, दवाखान्याचा खर्च करा, माणुसकी म्हणून. पण आपली म्हणू नका.”

विलासभाऊ माझ्याकडे वळले. “मॅडम, हा म्हणते ते खरं हाये का?”

मी त्यांची सल्लागार होते. रेखाची नव्हते. मला खरं ते सांगावं लागलं. “मेसेज शेवटी टिकणार नाही. पण तो पुढे करून तुम्ही हे प्रकरण पुष्कळ वर्षं लांबवू शकता. ती एवढी वर्षं लढू शकणार नाही. आणि तुम्ही तिला आपली म्हणालात, तर पुढे विमा कंपनी नाही म्हणाली तरी तुमच्या गळ्यात हे राहीलच.”

“म्हणजे नरेश बरोबर हाये.”

“तुम्हाला वाचवायचं असेल तर त्याचा मार्ग सोपा आहे.”

ते व्हरांड्यात गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. जमादार घड्याळ बघत होते. यशोदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विलासभाऊंकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटत होतं, पाहावं त्यांनी. कोणीतरी काहीतरी करावं. मी हातातलं पेन उघडबंद करत होते.

विलासभाऊ परत आले आणि सरळ जमादारांसमोर उभे राहिले.

“लिहा. माझी कामगार हाये. कामावर येऊन राह्यली होती. मीच बोलावली होती.”

नरेश “भाऊजी” म्हणाला. विलासभाऊंनी त्याच्याकडे बघितलं नाही. “लिहा नं, साहेब.”

पुढचं सगळं इतकं नीट झालं नाही. विमा कंपनीने हात वर केले. त्यांच्या पत्रात तेच होतं जे नरेश म्हणाला होता. आठवडाभर गैरहजर, नाव कमी झालेलं, अपघात मिलच्या बाहेर, काम सुरू व्हायच्या आधी. रेखाने चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात दावा लावला. मी मालकाची सल्लागार, म्हणून मी तिचं काम घेऊ शकत नव्हते. मी तिला एका ओळखीच्या वकीलबाईंकडे पाठवलं.

कायद्याचा मुद्दा एकच होता. अपघात कामाच्या ओघात झाला का. कामाचा ओघ म्हणजे फक्त मशीनजवळचा वेळ नाही, हे कोर्टांनी वेळोवेळी मान्य केलेलं आहे. पण रस्ता कुठपर्यंत कामाचा आणि कुठून आपला, हे दर प्रकरणात नव्याने ठरतं. आता नव्या कायद्यात घर ते कामाची जागा या प्रवासाचा स्पष्ट उल्लेख आला आहे. तेव्हा तो लागू नव्हता. म्हणून सगळं विलासभाऊ काय बोलतात यावर होतं.

त्यांची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. विमा कंपनीचे वकील शांत माणूस होते. आवाज न चढवता विचारत होते.

“बाई कामावर येत नव्हती, हे खरं?”

“येत नव्हती. अंधारात यायले भेत होती.”

“तुम्ही तिला कामावरून काढलं होतं?”

“काढलं नव्हतं.”

“मेसेज तर तसा आहे.”

“माझ्या माणसानं पाठवला, मले इचारून पाठवला. ते चुकलं.”

“त्या दिवशी तिला यायला कोणी सांगितलं होतं?”

 विलासभाऊ म्हणाले, “साहेब, सहाले नाई आली त जागा जाईन, असं सांगतलं म्हणजे बोलावलंच झालं नं?”

वकिलांनी पान उलटलं. मग विचारलं, “दुसरा रस्ता होता?”

“डांबरी हाये. पण त्या येळेले एसटी नसते. ते मले ठाऊक होतं. वनखात्याची पाटी हाये, ते बी ठाऊक होतं. बायाईनं गाडी मागतली होती, मी देली नव्हती.”

प्रत्येक उत्तर त्यांच्या स्वतःच्या विरोधात जात होतं. शेजारी नरेश बसला होता, तो खाली बघत होता. साक्ष संपल्यावर विलासभाऊ बाहेर आले आणि माझ्याशी न बोलता चहाच्या टपरीकडे गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही.

निकाल रेखाच्या बाजूने लागला. वेळ मालकाने ठरवलेली, दुसरी सोय नाही, धोका माहीत आणि न आल्यास नोकरी जाण्याची धमकी. एवढं सगळं असताना तो रस्ता कामाचाच भाग, असं न्यायालयाने धरलं. विमा कंपनीला भरपाई द्यावी लागली. रेखा बऱ्याच महिन्यांनी कामावर परत आली. पाय थोडा ओढते. पोती शिवते. मशीनजवळ विलासभाऊंनी एक उंच स्टूल ठेवलं आहे, ते तिला आवडत नाही, ती उभीच राहते. बायांना आता काळी-पिवळी आणते आणि त्यांची पाळी उजेड झाल्यावर सुरू होते. पहिलं धान गावातले हमाल पसरतात.

शेवट गोड आहे असं कोणी समजू नये. बाकीच्या मिलवाल्यांनी विलासभाऊंना पुष्कळ बोलून घेतलं. तुम्ही एक बोललात, आता सगळ्यांना गाड्या लावाव्या लागतील. पुढच्या वर्षी विलासभाऊंनी माझं काम काढून चंद्रपूरच्या दुसऱ्या सल्लागाराला दिलं. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लग्नात भेटतात तेव्हा हात जोडतात, बोलत नाहीत. मला वाटतं, त्या सकाळी मी त्यांना दोन्ही मार्ग सांगितले, हे त्यांना जड गेलं असावं. एकच सांगितला असता तर निवडायची वेळ आली नसती.

त्यानंतर मी नवीन क्लायंट घेतला की हजेरी, पीएफ, विमा यांच्या आधी एक प्रश्न विचारते. तुमची माणसं कुठून येतात आणि किती वाजता निघतात? मालक बुचकळ्यात पडतात. बहुतेकांना माहीत नसतं. मग मी त्यांना सांगते, एक दिवस त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, पायी येऊन बघा. आतापर्यंत दोघांनी केलं. दोघांनीही पाळीची वेळ बदलली.